गुरगुरू दे

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी भरीत ठेचत होते. तू बोलत कमी होतीस आणि हुंदके जास्त देत होतीस. आधी वाटलं, जावईपाहुण्यांशी काही बिनसलं. मग कळलं, गल्लीतल्या कुत्र्याचं आहे. मी तीन-तीनदा विचारलं, चावलं का? ओरखडा आहे का? खरचटलेल्या जागी लाळ लागली का? नाही, नाही, नाही. ‘नुसतं दात काढून गुरगुरलं गं ताई, सोन्याच्या तोंडासमोर.’ आणि मग जरा सावरून, थोडं अभिमानानंच म्हणालीस, ‘यांनी काठीनं असं हाणलं की पुन्हा गुरगुरायची टाप नाही त्याची.’

तिथं माझ्या पोटात गोळा आला. कुत्र्यामुळं नाही, त्या काठीमुळं. फोनवर बोलले नाही, कारण तुझ्याकडं सगळे जागे होते आणि मला जे सांगायचंय ते माझ्याच घरातलं आहे. आज दुपारी घर रिकामं आहे, म्हणून सवडीनं सांगते. शेवटपर्यंत ऐक, आणि मग पाहुण्यांना तुझ्या पद्धतीनं सांग.

ती आखाजी आठवते तुला? आठ वर्षं झाली. निंबाला झोका बांधला होता, तू लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली होतीस, आणि आमची छकुली चार वर्षांची होती. मोत्यानं तिच्या गालाचा लचका तोडला, डोळ्यापासून जेमतेम बोटभर खाली. आई म्हणाली, ‘कुत्रानी जात शे माय, उलटसच.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. दुसऱ्या दिवशी मोत्याला यावलकडं शेतावर धाडून दिलं. ही गोष्ट तुला ठाऊक आहे. तिच्या आधीची ठाऊक नाही, कारण ती मी कुणालाच सांगितलेली नाही.

मोत्या आमच्याकडं दीड महिन्याचा असताना आला, आपला साधा देशी, लाल-पिवळा. छकुली रांगायला लागल्यापासून त्याच्यावर लोळायची, त्याचे कान ओढायची, ताटलीत हात घालायची. तो उठून जायचा. ती मागं जायची. तो पलंगाखाली शिरायचा, ती पलंगाखाली शिरायची. मग एके दिवशी तो गुरगुरला. मी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. लेकरावर गुरगुरतोस? असं पाच-सहा वेळा झालं असेल. सातव्या वेळी तो गुरगुरला नाही. मी शेजारणींना सांगत सुटले, ‘आमच्या मोत्याला मी असं वळण लावलंय!’ बाई, मी त्याला वळण नव्हतं लावलं. मी त्याचं तोंड बंद केलं होतं. त्याला छकुलीची भीती वाटायची ती तशीच राहिली. फक्त ती सांगायचा रस्ता मी बुजवला. मग एक दिवस त्यानं न सांगता दात लावले, आणि आपण म्हणालो, उलटला.

त्या दिवसाचा व्हिडिओ आहे. माझ्या जाऊबाई झोक्यावरच्या मुलींचा काढत होत्या, कोपऱ्यात मोत्या आणि छकुली दोघंही आले. मला तो बघायची हिंमत व्हायला तीन वर्षं लागली. मग मात्र किती वेळा पाहिला, गणती नाही. चाळीस सेकंद आहेत. त्या चाळीस सेकंदांत त्या मुक्या जिवानं निदान सहा वेळा सांगितलंय, आणि अंगणात आपण पंधरा माणसं उभी होतो.

वैशाखातलं ऊन, पंचेचाळीस अंशांच्या घरातलं. मोत्या निंबाच्या सावलीत जीभ लोंबवून धापा टाकत पडलाय. छकुली हातात पुरणपोळीचा तुकडा घेऊन त्याच्याकडं निघते. ती चार पावलांवर येते आणि मोत्याची जीभ आत जाते, तोंड मिटतं. एवढंच. हे पहिलं सांगणं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे नीट ध्यानात ठेव. एप्रिल-मेमध्ये जळगाव-धुळ्याचं प्रत्येक कुत्रं दुपारभर तोंड उघडं टाकूनच असतं, कारण आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही, जिभेवाटेच ते अंग थंड करतं. एवढ्या उकाड्यात त्यानं तोंड मिटलं, म्हणजे थंडाव्यापेक्षा महत्त्वाचं काहीतरी त्याला दिसलंय. एखाद वेळी ती मांजर असते, एखाद वेळी तुझं लेकरू असतं.

मग मोत्या जिभेनं स्वतःचं नाक चाटतो, झर्रकन, एकदाच. छकुली जवळ बसते. तो मान वळवून भिंतीकडं बघतो. भिंतीवर काही नाही. ती त्याच्या गळ्यात हात टाकते. तो जांभई देतो, आणि व्हिडिओत माझाच आवाज ऐकू येतो, ‘बघा, झोप आली बिचाऱ्याला!’ झोप कसली! आपण सासरी चार बायकांत ओशाळलो की पदर सारखा करतो, बांगड्या मागं-पुढं करतो, तसलं ते. नाक चाटणं, जांभई, मान वळवणं, उगाच जमीन हुंगणं, याची सगळी एक जात आहे. नॉर्वेच्या तुरिद रुगास या बाईंनी आयुष्यभर कुत्र्यांना शिकवता शिकवता या खुणा टिपल्या आणि त्यांना शांतवणाऱ्या खुणा म्हटलं. समोरच्यालाही शांत करायचं आणि स्वतःलाही. एकेकटी खूण बघून घाबरून जाऊ नकोस. जेवणानंतर कुत्रं नाक चाटणारच, दुपारी जांभई देणारच. पण कुणी अंगाशी आलं आणि एकामागून एक दोन-तीन खुणा झाल्या, तर ते ‘पुरे’ म्हणतंय.

पुढं व्हिडिओत त्याची मान भिंतीकडंच आहे, पण डोळा मागं छकुलीवर वळलाय. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते, बारीक चंद्रकोरीसारखी. एरवी कुत्र्याच्या डोळ्यातलं पांढरं आपल्याला फारसं दिसत नाही. कान मागं चिकटलेत. आणि मग तो थिजतो. धापा नाहीत, जांभई नाही, पापणी नाही, काही नाही. दोन सेकंद मातीचा कुत्रा करून ठेवल्यासारखा. मला विचारशील, तर सगळ्या खुणांत ही एकच घोकून ठेव. हलणारं कुत्रं अजून विचार करत असतं, थिजलेल्याचा विचार झालेला असतो. इथं, या दोन सेकंदांच्या जागी, पूर्वी त्याचं गुरगुरणं यायचं. ते मी चपलेनं पुसून टाकलं होतं. पुढचं मला सांगवत नाही, तू तिथं होतीसच.

आणि ऐक, थिजेपर्यंतच्या या सगळ्या वेळात शेपूट हलत होतं! म्हणून तर मी निर्धास्त होते. शेपूट हलतंय म्हणजे कुत्रं खूश, हे आपल्याला कुणी शिकवलं कोण जाणे. हलणं म्हणजे एवढंच की कुत्र्याच्या मनात काहीतरी चाललंय. काय चाललंय, ते बाकीचं अंग सांगतं. खुशीत असलेल्या कुत्र्याचं शेपूट एकटं हलतच नाही, त्याच्याबरोबर कंबर हलते, मागचा सगळा भाग लचकत येतो, तोंड सैल, डोळे बारीक. मोत्याचं शेपूट ताठ होतं आणि नुसतं टोक थरथरत होतं. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली तीस कुत्र्यांवर प्रयोग केला. मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजवीकडं जास्त झुकत होतं, आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडं. वाचायला गंमत वाटते, पण गल्लीत उभं राहून कुणाला डावं-उजवं मोजायला सुचतंय? आपण कंबर बघावी.

त्यात आपल्या देशी कुत्र्यांची एक अडचण आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं, शेपूट वर म्हणजे तोरा, खाली म्हणजे भीती. पण आपल्या गावठी कुत्र्याचं शेपूट बहुधा मुळातच पाठीवर वेटोळं. नळीत घातलं तरी वाकडंच, ही म्हण आपण कुत्र्याच्या अवगुणावर केली, पण त्याच्या दृष्टीनं ते वेटोळं म्हणजे ‘माझं सगळं ठीक आहे’. वेटोळं सुटून शेपूट सरळ लोंबायला लागलं, तर त्याचं बिनसलंय. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या लॅब्रेडोरचं मात्र ठीक असतानाही खालीच असतं. म्हणून ज्याच्याशी रोजची गाठ आहे, त्या कुत्र्याचं ‘नेहमीचं’ आधी बघून ठेवायचं. शेजारणीचा चेहरा उतरलाय हे आपल्याला कसं कळतं? एरवीचा माहीत असतो म्हणूनच ना.

आजीला हे कानानं कळायचं. शेतातल्या घरात ती चुलीपाशी पाठमोरी बसलेली असायची, आणि कुत्रं भुंकलं की मागं न बघता सांगायची, ‘देख वं, कोनीतरी उनं,’ नाहीतर नुसतं ‘रानडुक्कर’ म्हणून पुन्हा भाकरी थापायला लागायची. आपल्याला ती जादू वाटायची. बुडापेस्टच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्यांचं भुंकणं टेप करून लोकांना नुसतं ऐकवलं, अनोळखी माणूस आल्यावरचं, खेळतानाचं, एकटं बांधून ठेवल्यावरचं. ज्यांनी कधी कुत्रं पाळलेलं नाही, त्यांनीही अंदाजानं ठोकण्यापेक्षा कितीतरी बरोबर सांगितलं. म्हणजे कान आपल्या सगळ्यांना आहे. जाड, जलद, एका पट्टीतलं भुंकणं वेगळं आणि बारीक, तुटक, वर चढणारं वेगळं. ‘भुंकणारं कुत्रं चावत नाही’ ही म्हण मात्र माणसांपुरतीच ठेव, कुत्र्यांवर भरवसा ठेवायला ती उपयोगाची नाही. भुंकणारंही चावतं.

आता तुमच्या देवपूरच्या गल्लीकडं येते. काल तू घाईत एक वाक्य बोलून गेलीस आणि पुढं निघून गेलीस, ‘टाकीच्या मागं पडलेलं असतं, अंगाखाली काहीतरी चुळबुळत होतं.’ अगं, ‘ते’ नाही, ‘ती’ आहे, आणि ती ओली बाळंतीण आहे! भादव्यात गल्लीगल्लीत कुत्र्यांची झुंबड असते ती उगाच नाही. तिथून त्रेसष्ट-चौसष्ट दिवस मोज, कार्तिक-मार्गशीर्ष येतो. शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात आणि आडोशाआडोशाला पिल्लं दिसायला लागतात. तुझा सोन्या टाकीमागं वाकून बघायला गेला. पिल्लं बघायची सगळ्याच पोरांना हौस. ती नुसती गुरगुरली. तिच्या जागी मी असते तर मी गुरगुरत बसले नसते.

तिनं सोन्याला माघारी फिरायला वेळ दिला. बदल्यात तिला काठी मिळाली. आता ती काय शिकली असेल? एक तर ही माणसं पिल्लांना मारायला येतात, आणि दुसरं म्हणजे गुरगुरून उपयोग नाही. यातल्या दुसऱ्या शिकवणीची मला भीती वाटते. मोत्याच्या वेळी मला पाच-सहा खेपा लागल्या, तुमच्याकडं अजून एकच झालीये. दुरुस्त होईल. पिल्लांचे डोळे दोन आठवड्यांनी उघडतील, महिन्याभरात ती आपणहून लुटूलुटू बाहेर येतील आणि तिचाही राग ओसरेल. तोवर टाकीमागं कुणी जायचं नाही. पिल्लं सुटी झाली की महापालिकेकडं नसबंदीचं विचार. २०२३च्या केंद्राच्या नियमांत पकडून नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ही जबाबदारी स्थानिक संस्थेवरच टाकलेली आहे. ज्यांचं झालंय त्यांच्या एका कानाला टोकाशी काप असतो. पुढच्या वेळी कुठल्याही कुत्र्याकडं बघताना तो काप शोध, निम्मी काळजी तिथंच कमी होते. निम्मीच म्हणते, कारण लस वर्षावर्षाला द्यावी लागते आणि चावा तो चावाच.

सोन्याला काय शिकवायचं, ते सांगते. ‘कुत्र्याजवळ जाऊ नको’ हे पोरं ऐकत नाहीत, म्हणून त्यांना करायला काहीतरी द्यावं लागतं. छकुलीला मी ‘झाड हो’ शिकवलं. कुत्रं धावून आलं की पळायचं नाही, किंचाळायचं नाही. हात अंगाशी, नजर स्वतःच्या पायांकडं, पाय मुळासारखे रोवलेले. झाडाचा कुत्र्याला कंटाळा येतो, हुंगतं आणि जातं. पडलंच तर कासव, पोट जमिनीला, हात मानेवर आणि कानांवर. आम्ही अंगणात याचा खेळच करायचो, मी कुत्रा व्हायचे. करून बघ, पोरांना भारी आवडतं, आणि पाहुण्यांना कुत्रा व्हायला लाव, त्यांनाही बरंच काही कळेल.

खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांपाशी बसलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हे त्याला पाढ्यासारखं पाठ कर. नामदेवांची गोष्ट सांगतेस ना त्याला, कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले? सांग, जरूर सांग, पण खाली जोड की ते नामदेव होते. आपण धावायचं नाही.

आणि मिठी नाही. यावर तू भांडशील, कारण मोबाइलवर सगळ्या जगाची पोरं कुत्र्यांच्या गळ्यात पडलेली असतात. आपण प्रेमानं मिठी मारतो, कुत्र्याला ती पकड वाटते. काही कुत्री घरच्या माणसाची सोसतात, पण सोसण्याला खुशी म्हणू नये. लेकराचं तोंड नेमकं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं, म्हणून मोठ्यांना हाता-पायाला चावे आणि पोरांना चेहऱ्यावर. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, रेबीजचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांत ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. हात लावायचाच असेल तर आधी मालकाला विचारायचं, मग बाजूला, आडवं उभं राहायचं आणि कुत्र्याला आपल्याकडं येऊ द्यायचं. आलं तर छातीशी नाहीतर खांद्याशी दोन-तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. डोक्यावरून हात न्यायचा नाही, वरून येणाऱ्या हाताचा अनुभव आपल्या कुत्र्यांना काही चांगला नाही. हात काढल्यावर ते अंगाशी रेटून आलं तर पुन्हा. नाही आलं, तर झालं, नमस्कार.

तू म्हणशील, कुत्र्यानं आपल्याला समजून घ्यावं की आपणच सगळं शिकायचं? अगं, त्यानं आपल्याला कधीच शिकून घेतलंय. रस्त्यावर नुसतं खाली वाक, चपलेचा पट्टा लावायला का होईना, वीस हातांवरचं कुत्रं पळतं. दगड तू उचललेलाही नसतो. कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतात. ज्यांना कुणी काही शिकवलेलं नाही अशा भटक्या कुत्र्यांसमोर त्यांनी झाकलेली दोन भांडी ठेवली आणि अनोळखी माणसानं एकाकडं बोट दाखवलं. जवळपास निम्मी कुत्री पुढंच आली नाहीत, माणसाचा धसका. पण जी आली त्यांतली ऐंशी टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडंच गेली. त्याच लोकांनी हेही दाखवलंय की भटकं कुत्रं अनोळखी माणसावर विश्वास टाकायला शिकतं ते खाऊपेक्षा मायेनं कुरवाळल्यानं जास्त. मला यातली ती न आलेली निम्मी जास्त लक्षात राहिलीत. त्यांना बोट कळत नव्हतं, असं थोडंच आहे?

पण त्यांचं आपण वाचायला जातो आणि भलतंच वाचतो. आमच्या आताच्या काळीनं परवा माझी नवी चप्पल कुरतडली. मी ‘काय केलंस हे?’ म्हटलं आणि तिनं मान खाली घातली, कान पाडले, डोळे वर करून बघायला लागली. हे म्हणाले, बघ, तिला कळतं चुकलं ते. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हे तपासलं. काही कुत्र्यांनी खाऊ चोरला होता, काहींनी नव्हता, पण मालकांना उलटसुलट सांगितलं. चोरी केलेली असो वा नसो, ‘अपराधी’ चेहरा रागावल्यावर येत होता. उलट निरपराध कुत्री रागावल्यावर जरा जास्तच अपराधी दिसत होती. तो चेहरा म्हणजे ‘मी चुकले’ नव्हे, ‘तू चिडलीयेस, जरा शांत हो’ आहे. आणि ती वर चढलेली भुवई, जिच्यावर आपण विरघळतो, ती हलवायला कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर एक स्नायू असतो. लांडग्यात तो जवळजवळ नसतोच. हजारो वर्षं आपल्या उंबऱ्याशी राहून त्यांनी आपल्यासाठी भुवई कमावली, आणि आपण अजून चप्पल उगारतोय.

वाटेवरचं एक सांगायचं राहिलं. साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन शेतात बसतात, तिथली कुत्री तू पाहिली असशील. एकदा त्यांच्या वाड्याजवळून जाताना तिघं माझ्यावर धावून आले. मी उभी थिजले. तिथल्या म्हातारीनं लांबूनच ओरडून सांगितलं, त्यांच्या डोळ्यांत बघू नको, मेंढ्यांकडंही बघू नको, तू तुझ्या वाटेकडं बघ आणि लांबून वळसा घेऊन जा. मी वळसा घेतला. तिघंही तिथंच थांबले, दोघं तर माती हुंगायला लागले. समोरून सरळ, डोळ्याला डोळा भिडवून येणारा, त्यांच्या लेखी भांडायलाच आलेला असतो. भलं कुत्रं दुसऱ्या कुत्र्याकडं कमान काढून जातं. रात्री गाडीमागं धावतात तेव्हाही तेच कर, गाडी हळू कर, हवं तर थांबव. पळणाऱ्या चाकाचा मोह असतो, उभ्या गाडीत काही मजा नाही. पाहुण्यांना हे विशेष सांग, ते वेग वाढवतात.

आणि चावलंच, तर? ओरखडा असला तरी आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून पंधरा. छकुलीच्या वेळी मामी हळद-चुना घेऊन धावल्या होत्या, कुणी तिखट म्हणत होतं. त्यातलं काही एक लावायचं नाही. मग लगेच सरकारी दवाखाना, तुम्हाला हिरे महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. पोटातली चौदा इंजेक्शनं गेली आता, दंडात घेतात, सांगितलेल्या प्रत्येक तारखेला जायचं, बरं वाटलं म्हणून शेवटची बुडवायची नाही. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही लागतं. छकुलीला आधी ते दिलं, टाके नंतर घातले. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळजवळ कुणी वाचत नाही, आणि वेळेवर लस घेतली तर जवळजवळ कुणी जात नाही, एवढा सरळ हिशेब आहे. एखादं कुत्रं विनाकारण दिसेल त्याला, लाकडालासुद्धा चावत सुटलं, आवाज बदलला, लाळ गळायला लागली, मागचे पाय लुळे पडले, तर तिथं माझी वरची सगळी शिकवण बाजूला ठेव. ते कुत्रं बोलत नाहीये, ते आजारी आहे. पोरांना घरात घे आणि महापालिकेला फोन कर.

मोत्याचं एक राहिलं. दोन वर्षांनी मी शेतावर गेले होते, एकदाच. त्यानं मला बांधावरून ओळखलं. मला वाटलं, धावत अंगावर येईल. तो आला, पण सरळ आला नाही. मोठी कमान काढून, मध्येच थांबून माती हुंगत, नाक चाटत, मान दुसरीकडं वळवून. मी म्हटलं, बघा, अजून रुसलाय. आणि पोळा झाल्यावर बैलांपुढून उरलेली पोळी टाकून परत आले, त्याला हातही लावला नाही. तो व्हिडिओ मी पाहिला त्याच्या पुढच्या वर्षी, तोवर मोत्या गेला होता. रुसला नव्हता गं तो. ‘मी भांडायला आलो नाही’ म्हणत होता.

रविवारी सकाळच्या एस. टी.नं येते, एरंडोल-पारोळा करत अकरापर्यंत पोचेन. सोन्याला मी गॅलरीतून पिल्लं दाखवीन. पाहुण्यांना म्हणावं, काठी माळ्यावर टाका. आणि आज संध्याकाळी एका परातीत पाणी आणि शिळी भाकरी कुस्करून ठेव, टाकीपाशी नको, दहा पावलं अलीकडं. ठेवलीस की पाठ फिरवून घरात जा, बघत उभी राहू नकोस.